शेपट्या उचलून बघणारी जैतूनबी

जैतूनबी सकाळी माणसाचं तोंड बघायच्या आधी शेळीच्या पिल्लांच्या शेपट्या उचलून बघायची. लेंडी गोल आणि कोरडी दिसली की मगच चहा. नागभीडला तिचं घर माझ्या घरासमोर. तिचा नवरा गाद्या भरायचा, ती शेळ्या पाळायची. शेळ्या मीही पाळायची, तिच्या आधीपासून. पण पावसाळ्यात माझी पिल्लं हगवणीनं मरायची आणि तिची ओट्यावर उड्या मारायची. मला ते बघवत नसे.

कोणी विचारलं की तिचं एकच सांगणं, "आपन पिल्लाले चारतो काय? त्याच्या पोटात बारीक-बारीक जीव रायतेत, त्याइले चारतो. चांगले भुके राह्यले तं खराबवाले घर बांधतेत."

हे तिला जनावरांच्या दवाखान्यातल्या मॅडमनी शिकवलं होतं. शतावरीची मुळी वाळवून कुटायची आणि गव्हाच्या चोकरात, म्हणजे कोंड्यात, मिसळायची. पिल्लू चाऱ्याला तोंड लावू लागलं की आधी चिमूटभर, मग हळूहळू जास्त. त्यानं आतडं धड राहतं आणि अंगात आजाराशी झगडायची ताकद येते, म्हणे. आमचा बुढा, माझा नवरा, तिच्याकडे चहा पिऊन यायचा आणि हे सगळं मला ऐकवायचा.

मी म्हणायची, "मंग तिथीच राह्य ना. तुई बी शेपटी पाह्यते ते."

एका पावसाळ्यात माझ्याकडे भुरी तेवढी उरली. आईनं माझ्या लग्नात दिलेल्या शेळीच्या वंशातलं ते शेवटचं मादी पिल्लू. तीही पातळ हगू लागली, मान टाकून बसली. जैतूनबी न बोलावता आली, शेपटी उचलली, नाक मुरडलं.

"आता चोकर-गिकर काई नाई, बाई. पयले दवाखाना," ती म्हणाली आणि भुरीला पदरात गुंडाळून चालू लागली. मी मागून.

औषधानं हगवण थांबली, पण भुरीच्या अंगात जीव नव्हता. आमच्याकडे रीत आहे, ज्याला जमत नाही त्यानं शेळी दुसऱ्याला अर्धलीनं द्यावी. शेळी आपली, पोसणं त्याचं, पुढची पिल्लं निम्मी-निम्मी. जगवायची असेल तर दुसरी वाट नव्हती. मी दिली. दात-ओठ खात दिली.

भुरी जगली. चिमटी-चिमटीनं चोकर खाऊन तुकतुकीत झाली. गल्लीत मी हाक मारली तर मान वळवायची, रवंथ करायची आणि जैतूनबीच्या मागे जायची.

"माहीच शेयी मले ओयखत नाई," मी म्हणाले.

"ओयखते. पन तू खाली हातानं येतं," जैतूनबी म्हणाली.

पुढे भुरीला दोन पिल्लं झाली. त्याच सुमारास जैतूनबीचा नवरा गेला आणि मुलगा तिला मुलचेऱ्याला घेऊन निघाला. तिथे शेळ्या बांधायला जागा नव्हती. भुरीचं दावं तिनं माझ्या हातात दिलं, वर चोकराचा डबा.

"माह्या हिश्शाचं पिल्लू बी तूच ठेव. पन घाईनं मूठभर चारू नोको. पोट फुगते."

तेही मला आवडलं नाही. देणाऱ्याचा हात वर असतो.

भुरी माझ्या अंगणात डब्याला तोंड लावेना. सकाळ झाली की पिल्लं घेऊन जैतूनबीच्या कुलूप लावलेल्या दारापुढे उभी. शेवटी मीच डबा घेऊन त्या ओट्यावर जाऊन बसू लागले. तिथे मात्र तिघंही खातात.

येणारे-जाणारे विचारतात, "काऊन बाई, जैतूनबीची आठवन येऊन राह्यली काय?"

"मले नाई," मी म्हणते. "शेयीले."

ते पुढे गेले की मी पिल्लांच्या शेपट्या उचलून बघते. लेंडी गोल असते, कोरडी असते. जळते मी अजून. मग घरी येऊन चहा टाकते.