चौथ्या मजल्यावरची हवा

बुधवार, ९ नोव्हेंबर २०२२. हवालदारांचे त्या वर्षाचे बिल सत्तावीस हजार सहाशे. चोवीस घरे, घरटी अकराशे पन्नास. बिल मंजूर करण्याआधी खजिनदाराने प्रत्येक घरात जाऊन काम डोळ्यांनी पाहायचे, ही पद्धत मीच घातलेली. त्या दिवशी शेवटची चार घरे राहिली होती.

हवालदार पोलीस खात्यातले नव्हेत. आमच्या इमारतीच्या खिडक्या थंडीसाठी इतक्या घट्ट बसवल्या आहेत की बंद असताना वाऱ्याची झुळूकही आत येत नाही, आणि थंडीत त्या उघडायची कोणाची छाती होत नाही. म्हणून प्रत्येक घराच्या पोटमाळ्यावर एक पेटी आहे. ती स्वयंपाकघरातली आणि न्हाणीघरातली कोंदट हवा ओढून बाहेर टाकते आणि बाहेरची ताजी हवा झोपायच्या खोल्यांत सोडते. पेटीत या दोन हवा शेजारून जातात, मिसळत नाहीत, पण जाणारी आपली ऊब येणारीला देऊन जाते. चोवीसही पेट्या या गृहस्थांनी बसवल्या. हवा सांभाळणारा म्हणून पहिल्याच हिवाळ्यात कोणीतरी त्यांना हवालदार केले. पुढे ते स्वतःच बेल वाजवून "हवालदार आलाय, घाबरू नका" म्हणू लागले.

वय अठ्ठावन्न. आधी वीस वर्षे ते शाळांच्या आणि दवाखान्यांच्या तळघरांत बॉयलरवर होते. तिथे डावा हात मनगटापर्यंत भाजला, तेव्हा बायकोने पुन्हा तळघरात उतरायचे नाही असे बजावले. "तिनं तळघर बंद केलं, म्हणून पोटमाळ्यावर चढलो," असे ते सांगत. पिशवीत धुतलेले मोजे असत. ते दाराबाहेर बदलल्याशिवाय कोणाच्या घरात पाऊल टाकत नसत. डबा जिन्यातच खात. काम झाल्यावर सगळ्यांना गप्प बसवून पाच मिनिटे एका खुर्चीवर डोळे मिटून बसत आणि पेटीचा आवाज ऐकत. आमच्या हिने एकदा त्यांना झोप लागली समजून अंगावर शाल घातली होती.

त्या वर्षी एका कंपनीचे पत्र आले होते. हेच काम घरटी हजारात, शिवाय दर तपासणीचा अहवाल फोनवर. रविवारी सभेत मतदान होते. आमची इमारत म्हणजे हवालदारांची निम्मी कमाई. ती गेली असती तर या वयात गुडघे धरून माळ्यावर चढणाऱ्याला दुसरे काम कोण देणार होते? त्यांनी मला तसे कधी बोलून दाखवले नाही. पण त्या आठवड्यात त्यांनी प्रत्येक घरात पेट्यांची झाकणेसुद्धा पुसली, हे मी पाहिले.

चौथ्या मजल्यावर पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. मुलगा जहाजावर असतो, वर्षातले आठ महिने बाहेर. घरात बाई आणि सून. सून चष्म्याच्या दुकानात काम करते आणि संध्याकाळी येऊन स्वयंपाक करते. या दोघींचे पटत नाही हे सगळ्या जिन्याला माहीत होते. कारणही माहीत होते. सुनेने कांदा परतला की वास थेट बाईंच्या खोलीत जाई. सून मुद्दाम करते, असे बाईंचे म्हणणे. बाई दाराच्या फटीला टॉवेल लावत आणि जेवणाचे ताट खोलीत मागवत. सून म्हणे, मी दार लावते, खिडकी उघडते, आणखी काय करू?

हवालदार शिडीवर चढले तेव्हा बाई खालून त्यांनाच सांगू लागल्या, "काल मासे तळले होते. माझी उशीसुद्धा मासळीबाजार झालीय. या घरात मला वासानं मारायचा बेत आहे."

"आई, मीच मेले असते तर बरं झालं असतं, निदान स्वयंपाक तरी चुकला असता," सून स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी कागदांत डोके घातले. मग हवालदार उतरले. हातात जुना फिल्टर होता. स्वयंपाकघराच्या बाजूचा फिल्टर प्रत्येक घरात तेलाने पिवळा, चिकट निघतो. हा कोरडा होता. त्यावर नुसते पांढरे तंतू, गादीवर आणि कपड्यांवर असतात तसे. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. सात वर्षे या घरचा फिल्टर असाच निघत होता आणि सात वर्षे त्यांनी, या घरात तळण कमी, अशी स्वतःची समजूत घातली होती.

त्यांनी खिशातून कागदी रुमालाची पट्टी काढली आणि बाईंच्या खोलीत छताच्या गोल झडपेशी धरली. ताजी हवा येत असती तर पट्टी फडफडून खाली ढकलली गेली असती. ती झडपेला चिकटून बसली. हात काढला तरी पडेना.

त्यांनी मला जिन्यात बोलावले. चेहरा उतरला होता. इथे तुळई आड येत होती म्हणून नळ्या जोडताना ते नेहमीच्या उलट दिशेने डोके करून पाठीवर झोपले होते, आणि डाव्या-उजव्याचा घोळ झाला होता. घराकडच्या दोन नळ्यांची अदलाबदल. ताजी हवा स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात जात होती, आणि पेटी ओढत होती ती बाईंच्या खोलीतून. त्यामुळे तव्यावरचा सगळा वास दाराच्या फटीतून त्या खोलीकडेच खेचला जाई. पेट्या बसवताना ते त्या दिवसाचे शेवटचे घर होते. काळोख पडत आला होता आणि पट्टी लावून पाहायचे राहून गेले.

मी हिशेबाचा माणूस. मला जे सुचले ते मी बोललो. रविवार होऊ द्या, सोमवारी गुपचूप नळ्या बदला, आणखी चार दिवसांनी काय बिघडते?

ते मोजे बदलत होते. "त्या दोघी आज रात्री पण भांडतील ना साहेब," ते म्हणाले. "माझ्यामुळे."

गुरुवारी सकाळी ते नळ्यांचे दोन नवे तुकडे घेऊन आले. मीही गेलो. त्यांनी आधी दोघींना बसवले आणि स्वतः उभे राहून सगळे सांगितले. पट्टी लावून दाखवली. सून त्या चिकटलेल्या पट्टीकडे बघत राहिली, मग उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. बराच वेळ सोडला. हवालदार तीन तास माळ्यावर होते. खाली आल्यावर त्यांनी पुन्हा पट्टी धरली. ती फडफडली. मग त्यांनी सुनेला म्हटले, कांदा चिरा आणि चांगला करपवा. तिने करपवला. आम्ही चौघे बाईंच्या खोलीत दार उघडे ठेवून उभे राहिलो. वास आला नाही.

"उगाच कांदा फुकट घालवला," एवढेच बाई म्हणाल्या. पण दाराखालचा टॉवेल त्यांनी उचलून धुवायला टाकला.

रविवारी सभेत हवालदारांनी झालेली चूक स्वतःच सांगितली. दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी ती लगेच उचलली. एक उघडकीस आली, बाकी तेवीस घरांत काय वाहतेय याची हमी काय? हवालदार म्हणाले, हमी नाही, प्रत्येक घर पुन्हा तपासतो, पैसे घेणार नाही. कोणीतरी विचारले की ज्या घराचे सात वर्षे नुकसान झाले त्यांचे काय म्हणणे आहे. सगळ्यांनी माना वळवल्या. त्या घराचे मत बाईंच्या नावावर आहे.

बाई काठी टेकून उभ्या राहिल्या. हवालदारांना त्यांनी आधी सर्वांदेखत चांगले झापले. असला कारागीर पोस्टात असता तर निम्म्या गावाची पत्रं उरलेल्या निम्म्याला गेली असती, म्हणाल्या. सभा हसली. हवालदार मान खाली घालून ऐकत होते. मग बाई शेजारी बसलेल्या सुनेकडे न बघता म्हणाल्या, "यानं सांगितलं नसतं तर मी मरेपर्यंत हिलाच बोलत राहिले असते. त्या कंपनीच्या फोनवर हे आलं असतं का?"

आणि त्यांनी हात वर केला. हवालदारांच्या बाजूने तेरा, कंपनीच्या बाजूने दहा. वकिलांनी मत दिले नाही.

तेवीस घरे त्यांनी नऊ दिवसांत तपासली. प्रत्येक झडपेला पट्टी धरली आणि मी यादीत प्रत्येक झडपेसमोर बरोबरची खूण केली. कुठेही चूक सापडली नाही. चौथ्या मजल्यावर बाई आता जेवायला बाहेरच्या टेबलावर येतात. भांडण मिठावरून होते.

त्या दुरुस्तीला लागलेली चिकटपट्टी इमारतीच्या भांडारातून दिली होती. तिचे पंच्याऐंशी हवालदारांकडून अजून येणे आहेत.