उंडीच्या बुंध्याशी

फाटकावरची 'हरित शाळा' ही पाटी वाचून तुम्ही कधी आत डोकावलात का?

आमच्या गावच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या काकी तांदूळ धुतलेलं पाणी अंगणातल्या उंडीच्या झाडालाच घालत. कुणी मूल आड आलं की खेकसत, "सर रे, तिका तहान लागली हा!"

'हरित शाळा'ची पाटी मिळवायला अंगण बिनचिखलाचं हवं, म्हणून शाळेने अंगणात सिमेंटचे ब्लॉक बसवायला घेतले, थेट उंडीच्या बुंध्यापर्यंत. पाणी मुरायला जागा उरेना, तशी काकींनी विचारलं, "आता हिका पाणी खंयसून गावतला?"

ब्लॉक बसवणारा मुकादम हसला. "काकी, चिखल गेलो, बरा झाला मा!"

मग काकींनी हात जोडून, देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या उंडीक सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मुलं ओरडली. सवयीने मुकादमही म्हणाला, आणि त्याने पुढचा ब्लॉक ठोकून बसवला.

पाटी मिळाली. उंडी वाळली. काकी अजून पाणी तिथेच ओततात आणि ते ब्लॉकवरून वाहत गटारात जातं.

तुमच्या शाळेतलं झाड अजून जिवंत असेल, तर उद्याच पहार घेऊन जा आणि त्याच्या बुंध्याभोवतीचे ब्लॉक उखडा.