घट्ट हाताची इतोहान

नायजेरियातल्या बेनिन शहरात उसेलू बाजाराच्या तोंडाशी इतोहानचं केसांचं दुकान होतं, आणि त्या दुकानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येक बाईबद्दल तिचं मत वाईट होतं. कुणी महिनोन्‌महिने वेण्या उतरवायचीच नाही, खाज सुटली की डोक्यावर थापट्या मारत बसायची. कुणी रात्री रेशमी रुमाल न बांधता झोपायची आणि सकाळी गंगावनाचा झाडू झाला म्हणून भांडायला यायची. "सांभाळायची अक्कल नाही, मिरवायची हौस मात्र दांडगी," असं ती तोंडावर सांगायची. तरी बाया यायच्या, कारण तिने घातलेली वेणी सैल होत नसे.

आधी ती गिऱ्हाइकाचे केस डोक्यालगत बारीक वेण्यांत गुंफायची. मग क्रोशाची सुई वेणीखालून घालून नकली केसांची बट ओढायची आणि तिची टोकं फासातून काढून गाठ आवळायची. खरे केस आत झाकलेले, ऊन-धुळीपासून निवांत. निवांत म्हणायचं ते नावालाच. कपाळालगतच्या वेण्या ती अशा ताणायची की भुवया वर चढत.

"आंटी, दुखतंय हो!"

"रडूबाई कुठली! मग टक्कल करून फिर."

आईने दारातल्या पायरीवर ही कला दोघी बहिणींना शिकवली होती. धाकट्या इविएचा हात हलका. त्याला इतोहान "शिजलेल्या रताळ्याचा हात" म्हणायची. इविएने रस्त्याच्या पलीकडे स्वतःचं दुकान थाटलं, तेव्हापासून इतोहानने तिच्याशी बोलणंच टाकलं.

एका रणरणत्या दुपारी वीज गेली, पंखा थांबला. समोर अमेन्झे शिंपीण अर्धं डोकं झालेल्या अवस्थेत बसली होती. घाम पुसायला इतोहानने स्वतःच्या डोक्याला वर्षानुवर्षं बांधलेला रुमाल नकळत सोडला. अमेन्झेला आरशात सगळं दिसलं. दोन्ही कानशिलं वाटीच्या बुडासारखी तुळतुळीत.

"आंटी," अमेन्झे म्हणाली, "तुमचं कपाळ संपतं तरी कुठे?"

"ऊठ! चालती हो!"

अमेन्झे तशीच, एका बाजूने राणी आणि दुसऱ्या बाजूने कोंबडी, रस्ता ओलांडून इविएकडे गेली. अख्खा बाजार हसला.

इतोहानने साबणाला दोष दिला, विहिरीच्या पाण्याला दिला, मेलेल्या सासूच्या शापालाही दिला. पण स्वतःच्या वेण्या तरुणपणापासून आपणच ओढत आलो, त्यानेच केस गेले, हे तिला ठाऊक होतं. रविवारी चर्च सुटल्यावर ती बहिणीच्या घरी गेली.

"आधी हसून घे."

"हसत नाही. बस, ताई."

"तुझ्या हातचं चार दिवस टिकायचं नाही."

"मग पाचव्या दिवशी ये शिव्या द्यायला."

इविएने कडेचे केस मोकळेच ठेवले, तिथल्या कातडीला तेल लावलं, वेण्या बऱ्याच मागून सुरू केल्या. "पातळ साबणपाण्याने बोटांनी डोकं धुत जा. ओलं ठेवू नकोस, वास मारतं. आणि दीड महिन्याने उतरवायचं म्हणजे उतरवायचं."

"मला शिकवतेस?"

"हो."

हात इतका हलका होता की इतोहानचे डोळे भरून आले, आणि त्या डोळ्यांचाच तिला संताप आला. "तेल गेलं डोळ्यात. धांदरट!" ती खेकसली.

डावीकडचे केस पावसाळ्यापर्यंत थोडे परतले, उजवीकडचे कधीच नाही. तिचा हात काही सैल झाला नाही. पण ज्यांच्या कानशिलांवर केस विरळ दिसत, त्यांना ती खुर्चीवर टेकूसुद्धा देईना. "तिकडे जा, त्या रताळ्याकडे," म्हणून बोट दाखवायची. इविए पलीकडून हात हलवायची. इतोहान मान फिरवायची, पण रविवारी जेवायला तिच्याकडेच जायची आणि तिथे रश्शाला नावं ठेवत दोनदा वाढून घ्यायची.