चाफ्याचा अर्क

टाळेबंदीत देवळं बंद झाली आणि वसईतल्या फ्रेडरिकच्या वाडीतला सोनचाफा झाडाखालीच सडू लागला. दादरच्या बाजारात फुलं विकण्यात त्याची हयात गेली होती. एवढी फुलं फेकवेनात, म्हणून त्याने अर्क काढायचं मनावर घेतलं. तांब्याचं झाकणबंद भांडं बनवून घेतलं. त्याची नळी पाण्याच्या पिंपातून फिरवून पलीकडे काढली. खाली चूल पेटवली. फुलांची वाफ नळीत थंड होऊन अर्क ठिबकेल, असा बेत होता.

सुरुवातीला थोडा ठिबकलाही. मग नळीच्या तोंडातून नुसतीच वाफ येऊ लागली आणि सगळा वास वाडीभर उडून गेला. आग कमी पडतेय असं वाटून फ्रेडरिकने आणखी लाकडं सारली.

त्याची बायको जुलियाना पिंपातल्या पाण्याला बोट लावून बघत होती. "पाणी किती तापलंय बघा. विहिरीचं गार पाणी सोडत राहू या," ती म्हणाली.

"तू मला शिकवू नकोस," तो शेजाऱ्यांदेखत खेकसला.

ती घरात निघून गेली. पुढच्या खेपाही वाया गेल्या आणि फ्रेडरिकने भांडं मोडीत काढलं. त्यावर दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत. पुढल्या वर्षी जुलियाना हृदयविकाराने गेली.

गेल्या नाताळात त्याची पुतणी कॅरल घरी आली. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. बोलता बोलता अर्काच्या त्या फसलेल्या भट्टीचा विषय निघाला. तिने सांगितलं, उकळत्या पाण्याची वाफ होताना ते चुलीची पुष्कळ उष्णता पोटात घेतं, पण तापमापकाचा पारा काही वर चढत नाही. वाफेचं परत पाणी होताना तीच उष्णता बाहेर पडते आणि पिंपातल्या पाण्याने ती ओढून घ्यायची असते. ते पाणीच तापलं तर वाफ तशीच निसटते. वर आग वाढवली, तर आणखीच बिघडतं.

"मग करायला काय हवं होतं?" फ्रेडरिकने विचारलं. उत्तर त्याला कळून चुकलं होतं.

"गार पाणी सोडत राहायचं, काका. एवढंच."

यंदा त्याने नवं भांडं घेतलं, विहिरीच्या पंपाचं पाणी पिंपातून खेळवलं. अर्क छान उतरला. शेजाऱ्यांनी कौतुक केलं, तेव्हा ही युक्ती जुलियानाची, असं तो प्रत्येकाला सांगत राहिला. रविवारी चर्चमध्ये पापनिवेदनात त्याने तो जुना प्रसंग सांगितला. फादरांना ती फार किरकोळ गोष्ट वाटली असावी. एक प्रार्थना म्हणायला सांगून त्यांनी त्याला मोकळं केलं. फ्रेडरिक मात्र बराच वेळ बाकावरून उठला नाही.