बाबांनी स्वयंपाकघराचा चार्ज घेतला

बँकेत डबा उघडला की माझ्या मैत्रिणी भाजी कोणती ते विचारत नाहीत, "काल बाबांनी काय केलं?" हे विचारतात. सासऱ्यांचे किस्से सांगणारी सून म्हणून माझं नाव झालंय. एक सांगायला जावं तर त्याच्यामागून तीन निघतात, आणि लंच टाइम अर्ध्या तासाचा. म्हणून म्हटलं, एकदा बसून लिहूनच काढू.

बाबा कोराडीच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं बॉयलरवर होते. तिन्ही शिफ्ट केलेला माणूस. रिटायर होईपर्यंत त्यांनी घरात साधा चहा केला नव्हता. गॅसचा लायटर कुठे असतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

मागच्या जुलैत आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हार्ट अटॅक आला. दोन स्टेंट टाकले. डॉक्टरांनी तेल, मीठ, मैदा यांच्यावर काट मारली आणि ज्वारी, डाळी, पालेभाज्या, फळं असं लिहून दिलं. ते सगळं जमलं असतं. पण आईंची भूकच गेली होती. ताट पुढे ठेवलं की दोन घास खायच्या आणि सरकवून द्यायच्या. दर आठवड्याला वजन उतरत होतं. डॉक्टर म्हणाले, "औषधं माझ्याकडे आहेत हो, भूक माझ्याकडे नाही."

माझी बँक, माझ्या नवऱ्याची म्हणजे प्रशांतची बुटीबोरीची कंपनी. तो सकाळी सातला घर सोडतो. आम्ही स्वयंपाकाला बाई बघू लागलो. तेव्हा बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "काहून? मी आहो ना."

आम्ही दोघं हसलो. तेव्हा हसायला नको होतं, हे आता कळतं.

*

पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या दाराला दोरीने बांधलेली वही दिसली. आत बाबांच्या कोरीव अक्षरात लिहिलेलं: "८.१०. कुकर लाईटअप. ८.१९. पहिली शिट्टी. लीकेज नाही. ८.४०. पालक पंधरा मिनिटे मिठाच्या पाण्यात, नंतर तीन वेळा धुतला."

आई पलंगावरून म्हणाल्या, "भाजी करून राहिले का युनिट चालू करून राहिले?"

संध्याकाळी मी बँकेतून आले तर बाबा ओट्याजवळ उभेच. दमले असतील म्हणून मी म्हटलं, "बाबा, तुम्ही बसा आता, मी बघते." तरी हलेनात. मग वही पुढे केली. "सही कर. चार्ज घेतला म्हणून." चौतीस वर्षांत पुढचा माणूस आल्याशिवाय त्यांनी बॉयलर सोडला नव्हता, तर वरणाचं पातेलं कसं सोडतील! मी सही केली. तेव्हा कुठे चप्पल काढून खुर्चीत बसले.

*

भाकरी मात्र जमेना. पहिले चार दिवस जे व्हायचं त्याला आमची ओवी "भाकरीचा नकाशा" म्हणायची. ओवी माझी मुलगी, चौथीत आहे, तिचं भूगोलाचं पुस्तक नवीनच होतं.

पाचव्या दिवशी बाबा परातीत भाकरी थापत होते आणि आतल्या खोलीतून आईंचा आवाज आला, "पाणी जास्त झालं."

मी दचकले. आईंना परात दिसत नव्हती, मधे भिंत होती. नुसत्या थापण्याच्या आवाजावरून बोलल्या होत्या. बाबांनी मुकाट्याने पीठ घातलं आणि पुन्हा थापू लागले.

"आता कडेले दाब. मधात नको."

असं आठ-दहा दिवस चाललं. एक जण भिंतीच्या अलीकडे, एक पलीकडे. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला राग नाही येत?" म्हणाले, "राग कायचा? ती कंट्रोल रूममधी आहे, मी फील्डवर आहो."

दहाव्या दिवशी भाकरी टम्म फुगली. बाबांनी ती ताटात घालून आतमध्ये नेली, उलटीपालटी करून दाखवली. आईंनी बघितली, तुकडा मोडला, आणि दोन घासांवर ताट सरकवलं. बाबा ते ताट घेऊन परत आले तेव्हा मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

*

माझ्या सुट्टीच्या एका दिवशी आईंनी अचानक अर्धी वाटी वरण संपवलं. मी प्रशांतला ऑफिसात फोन करून सांगितलं, एवढा आनंद. बाबा मात्र विचारात पडले. दुपारी चादर बदलताना उशीखाली गोळ्यांची डबी सापडली. तिच्यात गोळ्या नव्हत्या, मीठ होतं.

मला वाटलं आता भांडण होणार. बाबांनी डबी होती तिथे ठेवून दिली. रात्री आईंच्या पलंगाशेजारी स्टुलावर आपलं ताट घेऊन बसले. आईंनी विचारलं, "आज अथी काहून बसले?" बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला.

दुसऱ्या दिवशी आईंनी बाबांच्या वाटीतलं वरण सहज चाखलं. अळणी. भाजी अळणी. भाकरीसुद्धा.

"हे काय खाऊन राहिले तुमी?" त्यांनी बाबांना विचारलं.

बाबा जेवतच होते. म्हणाले, "तू जेवढं जास्त खाल्लं तेवढं मी सोडलं. घरात मीठ तेवढंच."

पाच दिवस दोघंही हट्टाला पेटली होती. सहाव्या दिवशी आईंनी डबी माझ्या हातात दिली. "घेऊन जा हे. तो माणूस मरून जाईन."

*

ओवीच्या शाळेतून मॅडमचा फोन आला, डब्यावरून वर्गात भांडण झालं म्हणून. मी माफी मागायच्या तयारीतच होते. बाबा ओवीला ज्वारीच्या कण्या द्यायचे, म्हणजे ज्वारी भरडून मऊ शिजवलेली, वर ताक आणि लसणाची फोडणी. मला वाटलं पोरं चिडवत असतील.

"तसं नाही," मॅडम म्हणाल्या. "मुलं रांग लावतात, आणि आज रांगेत ढकलाढकली झाली." मग म्हणाल्या, "त्या करायच्या कशा?"

मी फोन बाबांना दिला. बाबांनी चष्मा लावला. "लिहून घ्या. पहिले सांगा, तुमच्या शेगडीले बर्नर किती?" पुढची चाळीस मिनिटं मला फोन परत मिळाला नाही.

*

आता कळमन्याची गोष्ट. तिथे धान्याचा ठोक बाजार, सगळं पोत्यांनी. एका सकाळी बाबा पिशवी घेऊन तिथे गेले आणि सुट्टी होती म्हणून मलाही नेलं. ज्वारीच्या ढिगाऱ्यांमधून फिरत, प्रत्येकातले चार दाणे दाताखाली घालत चालले होते.

एका व्यापाऱ्याने विचारलं, "काका, किती पोते पायजे?"

"एक मूठ."

व्यापारी माझ्याकडे बघू लागला. बाबांनी त्याला बाजूला घेतलं, काहीतरी सांगितलं, आणि त्या माणसाने खरोखर एक मूठ कागदात बांधून दिली. असं करत करत अकरा पुड्या झाल्या. कोणी पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन बाबांनी अकराही ज्वाऱ्या मिक्सरमधून वेगवेगळ्या काढल्या, प्रत्येकीची पुरीएवढी भाकरी केली, आणि मोठ्या ताटात ओळीने मांडून आईंसमोर ठेवल्या. म्हणाले, "मले काही समजत नाही यातलं. वर्षाची ज्वारी घ्यायची आहे. तूच सांग कोणती."

आई उठून बसल्या. चष्मा मागितला. एकेक तुकडा मोडून, डोळे मिटून खाऊ लागल्या. "ही शिळी आहे. ही बरी. ही ओली असताना भरली कोणीतरी." मग, "चौथी आन आठवी पुन्हा द्या." बघता बघता ताट निम्मं झालं. मोजली तर चांगली दीड भाकरी पोटात गेली होती. दोन महिन्यांत एवढं त्यांनी खाल्लं नव्हतं. खाल्लं ते भुकेने नाही, जबाबदारीने. पण खाल्लं.

"आठवी घ्या," त्यांनी निकाल दिला.

दुसऱ्या दिवशी मी बँकेतून येत होते, तर बाबा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून आमची नेहमीचीच ज्वारी घेऊन निघाले होते. मी बघतच राहिले. बाबा म्हणाले, "तिले सांगजो नको."

*

थंडीत आईंच्या भावाने, मामांनी, काटोलकडच्या शेतावर हुरड्याला बोलावलं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू न्या. आईंना खुर्चीवर शाल पांघरून बसवलं. त्या महिन्यातही त्या ताटाशी वेळेवर बसत होत्या, सांगू तेवढं खात होत्या, आणि भूक नाहीच म्हणत होत्या.

शेतातल्या गड्याने खड्ड्यात गोवऱ्या पेटवल्या होत्या. बाबा थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "सरक गा जरासा." आणि आगीशी उकिडवे बसले. राख एका बाजूला ओढली, निखाऱ्यावर तळहात धरला, दोन गोवऱ्या उचलून दुसरीकडे ठेवल्या, मग कणसं खुपसली. कोणतं कधी फिरवायचं ते त्यांना बघावं लागत नव्हतं. एकही दाणा करपला नाही. मामा हातातलं काम सोडून उभे राहिले. प्रशांत मला हळूच म्हणाला, "बाबांना ड्युटीवर मी कधी बघितलंच नव्हतं." मीही बाबांना असं कधी बघितलं नव्हतं.

आईसुद्धा बघत होत्या. चौतीस वर्षं त्यांनी त्या नोकरीचा डबा भरला होता, आणि हा माणूस विस्तवाशी काय करतो ते आज पहिल्यांदा दिसत होतं. शाल खांद्यावरून घसरली तरी त्यांना कळलं नाही.

बाबांनी पहिलं कणीस हातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला. हिरवे दाणे तळहातावर राहिले. ते ओवीला द्यायला वळले.

"अवो," आई म्हणाल्या. "मले द्या. भूक लागली."

बाबांचा हात तसाच पुढे.

"काय म्हटलं?"

"भूक लागली म्हटलं."

बाबांचे कान अगदी चांगले आहेत. आमच्या खोलीतला कुजबुजलेला शब्दही त्यांना ऐकू जातो. ते उठले, आईंच्या खुर्चीजवळ गेले, आणि दाण्यांची मूठ गच्च मिटून उभे राहिले.

"अजून एकडाव म्हण."