कोपऱ्याचं घर

"अगं, आत कुठे शिरतेस? काम संपलं ना तुझं? मागे पत्रावळी मांडल्यात, तिकडे जाऊन बस."

पांढरकवड्यात वास्तुपूजेच्या दिवशी, भरल्या पाहुण्यात घरमालकीण मॅडम मले असं बोलली. मी रेजा. मिस्त्रीच्या हाताखाली विटा-माल वाहणारी. त्या घराच्या एकूणएक भिंतीवर मीच पाणी मारलं होतं, सिमेंट पक्कं व्हावं म्हणून. भर उन्हाळ्यात. पाय धुऊन आत गेलती. फक्त सैपाकघर पाहाले, फरशी बसल्यावर कसं दिसते ते. मॅडमनं सुनेले हाक मारली. "ती उभी होती तिथलं पुसून घे."

सुनेनं पुसलं. माह्यासमोर.

मिस्त्रीले टॉवेल-टोपी भेटली, मले एक ब्लाऊजपीस. तो मी पायरीवर ठेवला. म्हटलं, "आता याच्यानंच पुसा." अन् जेवल्याबिगर निंगून आली.

खरं सांगू? अपमानापरीस जळफळाटच जास्त झाला. त्या ओट्याचा हेवा. खिडकीचा हेवा. नळ सोडला की पाणी, त्याचा हेवा. आमची टिनाची भाड्याची खोली, मालकाच्या मनात आलं की उचला बोचकं. मी बांधलं अन् राहते ती! काहून? मले तिच्यासारखं घर नव्हतं पायजे. तिचंच पायजे होतं.

पुढं मजूर चौकातल्या आमी रेजा-मिस्त्र्यायनं मिळून गृहनिर्माण संस्था काढली. गावाबाहेर जागा घेतली, संस्थेच्या नावानं. घरं सगळे सारखे, वाटायचे ईश्वरचिठ्ठी काढून. सगळे म्हणत, चिठ्ठ्या बांधकामाआधीच काढू. मी अडून बसली.

"आधी कोणालेच समजू देऊ नका. मले माह्यं घर समजलं, तं मी शोभाच्या भिंतीवर पाणी मारणार नाई. माह्या मनात खोट आहे. तुमच्या बी आहे."

हासले सगळे. शोभा सगळ्यात जास्त. ती माह्या लहानपणापासूनची सोबतीण, कामावर बी संगच. पण कोणी नाई म्हटलं नाई. स्लॅब पडेपर्यंत कोणतं घर कोणाचं, कोणालेच माईत नव्हतं. म्हणून तं एकही भिंत कच्ची नाई राह्यली.

चिठ्ठ्याच्या दिवशी संस्थेचे सचिव उभे राह्यले. शिकलेले, ऑफिसातून रिटायर झालेले. त्यायलेबी एक घर भेटणार होतं. म्हणाले, "धावपळ सगळी मी केली. रस्त्यावरचं कोपऱ्याचं घर मला सोडा. तुम्हा लोकांना काय, कुठलंही चालतं."

कुठलंही चालते! अंगाचा तिळपापड झाला माह्या. "काहून चालते? आमाले डोळे नाईत काय? मले बी कोपऱ्याचंच पायजे. टाका तुमचं नाव चिठ्ठीत."

टाकलं त्यायनं. कोपरा निंगाला शोभाले. त्यायले मधलं घर. मले नाल्याच्या काठचं, पार शेवटचं.

शोभा माह्या गळ्यात पडली, मी उभी ती उभीच. मायबाई, तिलेच काहून?

दुसऱ्या दिवशी सचिव माह्या खोलीवर आले. हळूच म्हणाले, "शोभानं चिठ्ठीला खूण केली होती, एवढं तू सभेत म्हण. मी पुन्हा चिठ्ठ्या काढायला लावतो. तुझंही भलं होईल."

मले ते पटलं. खोटं कायले बोलू? घडीभर पटलंच. जीभ उचलली होती. मंग त्यायच्या तोंडाकडं पाह्यलं. माणूस खुशीत होता. मी शोभावर जळून राह्यली हे त्यानं बरोबर हेरलं होतं, अन् माह्या जळण्यावर त्याले कोपरा पायजे होता.

"साहेब, उठा," म्हटलं. "तुमी आता काय म्हटलं, ते सभेत मी सांगते. शोभाच्याच समोर."

सांगितलं बी.

आता मी नाल्याकाठी राहते. शोभाच्या दारावरून जाते तवा आजही जळते. मरेपर्यंत जळीन, अन् तिच्या तोंडावर सांगून जळीन. पण चिठ्ठी पुन्हा निंगणार नाई. सचिव येवो, नाईतं त्याच्याहून मोठा कोणी येवो. शोभाचं घर शोभाचंच.