आमच्या चाळीचं शून्य

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. वैशालीला, माझ्या बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखणाऱ्यांनी माझं कौतुक केलेलं आता सहन होत नाही.

मी आंबिवलीला चाळीत राहतो. कल्याणच्या घाऊक बाजारात कांद्याच्या व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो. पहिल्या लाटेत बाजार बंद, हात रिकामे. मग रोज संध्याकाळी कोरोनाचे आकडे जुळवायला बसायचो. पालिकेचा आकडा एक, जिल्ह्याचा दुसरा, राज्याचा तिसरा. कल्याणचा माणूस ठाण्याच्या हॉस्पिटलात गेला तर तो मोजायचा कुणी? कधी दोघंही मोजायचे, कधी कुणीच नाही. मी चिडायचो. चाळीच्या ग्रुपवर सविस्तर लिहायचो — काय खरं, काय खोटं, आपल्या भागात आज किती. लोक टीव्हीपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवायचे. मला ते आवडायचं. का नाही आवडणार?

त्याच दिवसांत चाळीच्या टोकाचा रिक्षावाला पॉझिटिव्ह निघालेला. त्याच्या बायकोला नळावर येऊ दिलं नाही आम्ही. आम्ही म्हणजे — सगळ्यात मोठ्याने मी ओरडलेलो. ती हंडा तसाच रिकामा घेऊन परत गेली.

म्हणून मला ताप आला तेव्हा चाळ काय करते हे मला चांगलं ठाऊक होतं.

वैशाली मुलांना घेऊन चिपळूणला माहेरी अडकलेली. मी एकटाच. ठाण्याला गेलो, खासगी लॅबमध्ये तपासणी केली. पत्ता विचारला. माझ्या बहिणीचा तिथेच, ठाण्यात माजिवड्याला फ्लॅट आहे, ती तेव्हा गावी होती, घराला कुलूप. मी तो पत्ता सांगितला. इतकं सोपं होतं.

पॉझिटिव्ह आलो. ठाण्याच्या पालिकेतून रोज फोन यायचा. वेगळी खोली आहे का? आहे. संडास-बाथरूम स्वतंत्र? हो मॅडम, स्वतंत्र. बोलत होतो आंबिवलीतून, सगळ्या चाळीच्या सामायिक संडासात जाऊन आल्यावर.

चाळीत सांगितलं, टायफॉइड आहे.

शेजारी सुमनमावशी राहायची. नवरा नाही, एकुलता एक मुलगा मिलिंद, तो औषधांच्या गोदामात कामाला. मावशी रोज पेज घेऊन यायची. ‘अरे सुधीर, दार उघड,’ म्हणायची. ‘टायफॉइडला एवढं काय कोंडून घ्यायचं?’ मी भांडं दारातूनच घ्यायला हवं होतं ना? पहिले दोन दिवस घेतलं. मग ताप चढला आणि मी तिला आत येऊ दिलं. तिने कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. माझा मास्क हनुवटीवर होता. बरं वाटत होतं — म्हणून गप्प राहिलो.

आणि रोज ग्रुपवर आकडा टाकत होतो. आपला भाग : शून्य. पालिकेच्या यादीत खरंच शून्य होतं. मी माजिवड्यात मोजला गेलेलो.

मावशीला ताप भरला. मिलिंद माझ्या दारात आला.

‘दादा, आपल्याकडे कोणी निघालंय का?’

‘नाही रे.’

‘नक्की? डॉक्टर विचारतायत. कोणी असेल तर लगेच टेस्ट करा म्हणाले.’

‘मी रोज बघतो ना. शून्य आहे.’

‘मग साधाच असेल,’ तो म्हणाला. चेहरा किती मोकळा झाला त्याचा!

साध्या तापाच्या गोळ्या चालू राहिल्या. मावशीला दम लागला तेव्हा अँब्युलन्स मिळेना. रिक्षातून कल्याणला नेताना ती वाटेतच गेली. टेस्ट झालीच नाही. दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडली असं आलं. तीही कुठे मोजली गेली नाही.

मग मी काय केलं? मिलिंदला घेऊन पालिकेच्या ऑफिसात गेलो. टेबलावर हात आपटला. ‘तुमचे आकडे खोटे आहेत! माणसं मरतायत आणि तुम्ही शून्य दाखवता?’

तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवर पाहिलं, मग माझ्याकडे. ‘साहेब, तुमच्या चाळीत रिक्षावाल्यानंतर पेशंटच नोंदलेला नाही. आम्ही तपासायला यायचं तरी कशावरून?’

मी आणखी जोरात ओरडलो. मला तेव्हा खरंच राग आलेला — हे सांगताना माझीच किळस येते. त्यांचे आकडे चुकत होतेच, आजही म्हणेन. पण ते शून्य त्यांचं नव्हतं. माझं होतं.

मावशीच्या पुण्यानुमोदनाला सगळे तिच्या आठवणीसाठी जमले, तेव्हा मिलिंदने मला बोलायला उभं केलं. ‘दादा आपल्यासाठी भांडले,’ त्याने सगळ्यांना सांगितलं. मी सरकारच्या बेपर्वाईवर बोललो. चांगलं बोललो. बायका रडल्या. मीही रडलो, आणि ते रडणं खरं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

मिलिंद अजून शेजारीच राहतो. लग्न झालं, मुलगी झाली. परवा कुठे डेंग्यूची साथ आली म्हणून तो कामावर जाताना दारात थांबला.

‘दादा, आपल्या बाजूला किती आहेत? पेपरवाले काहीही छापतात. तुम्ही सांगाल ते खरं.’

घरात मी एकटाच होतो. तो उभा होता, घाईत नव्हता. सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं.

मी त्याला डेंग्यूचे आकडे सांगितले.